हळदीकुंकवातली प्रश्नावली

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पेनं लुटली. उज्जैनमधल्या आमच्या फ्रीगंजातल्या मराठी बायकांनी आजवर वाण म्हणून चाळण्या, डबे, साबणाच्या वड्या आणि एकदा तर चक्क फुलझाडू लुटलेले आहेत, त्यामुळे पेनाला कोणी नाक मुरडलं नाही. पण पेनाबरोबर मी प्रत्येकीच्या हातात चार पानांची प्रश्नावलीही ठेवली आणि "भरून दिल्याशिवाय कोणी उठायचं नाही हं," असं हसत हसत बजावलं. हळदीकुंकवाचा असा उपयोग करणारी मी बहुधा पहिलीच. शेवटचीही ठरेन, अशी आशा आहे.

मी पन्नाशीला टेकले आहे आणि पीएच.डी. करते आहे. विषय उपयोजित मानसशास्त्र. हे कोणाला सांगितलं की पुढचं बोलणं ठरलेलं.

"मतलब, वेड्यांच्या डॉक्टर?"

"नाही हो, ती लाइन वेगळी. मी शहाण्या माणसांचा अभ्यास करते."

"गोळ्या-बिळ्या?"

"नाही."

"मग पेशंटला देता काय?"

"प्रश्नावली."

यावर समोरचा माणूस माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतो. नवराही मग तसा चेहरा करतो.

एम.ए. लग्नाआधी झालं होतं. मग मुलगी, सासऱ्यांचं आजारपण, घर. मुलगी नोकरीला पुण्याला गेल्यावर मी इथल्या एका कॉलेजात शिकवायला लागले. पदाचं नाव 'अतिथि विद्वान'. नावात दोन शब्द आहेत आणि दोन्ही कोणी मनावर घेत नाही. नेमणूक दर वर्षी नव्याने. अशात एक दिवस उत्साहाच्या भरात पीएच.डी.ची नोंदणी करून बसले, आणि नंतरची बरीच वर्षं 'करते आहे' या एकाच क्रियापदावर काढली. मुदत एकदा वाढवून मिळाली होती. आता ही शेवटची. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत समितीसमोर धड काम ठेवलं नाही तर नोंदणी रद्द. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला माझ्यात ना तेवढी उमेद उरली होती, ना तेवढे गुडघे.

घर सांभाळणाऱ्या मधल्या वयाच्या बायका निर्णय कसे घेतात आणि तेव्हा त्यांचा स्वतःवर किती भरवसा असतो, हा माझा विषय. आधी मी दारोदार फिरले. प्रत्येक घरी पोहे मिळाले, वर शेव मिळाली, आणि "ठेवून जा, भरून ठेवते" हे आश्वासन मिळालं. परत गेले तर एकीने प्रश्नावलीच्या पाठीमागे किराण्याची यादी केलेली. तेव्हा मला वाटलं, बायका घरी एकेकट्या भरत नाहीत ना, मग सगळ्यांना एकाच ठिकाणी बसवू. इतकं सोपं आपल्याला आधी कसं सुचलं नाही, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये चाळीसेक बायका, मधोमध आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. मी स्वयंपाकघरात हरभऱ्याची उसळ परतत होते. सासूबाई आतल्या खोलीत. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवात बसत नाहीत. "आता कोणी मानत नाही हो आई, या ना बाहेर," असं मी दर वर्षी म्हणते. "माझं मी बघते," असं त्या दर वर्षी म्हणतात, आणि दार थोडं उघडं ठेवून आत बसतात.

सगळ्यांनी प्रश्नावल्या भरल्या. एकही कोरी नाही. मी तो गठ्ठा भैरवगढी छापाच्या माझ्या चांगल्या थैलीत घातला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या गाइड मॅडमसमोर नेऊन ठेवला. मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, पण त्यांच्यासमोर माझी वेणी आपोआप रिबिनीची होते.

मॅडमनी पहिली प्रश्नावली बघितली, दुसरी बघितली. मग त्या पानं भराभर उलटायला लागल्या, आणि एकदम थांबल्या.

"ये सब एक ही क्लास की कॉपियाँ हैं क्या?"

मी वाकून बघितलं. सगळ्यांची उत्तरं सारखी. तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बाजू मांडली असती. पण चौदाव्या प्रश्नाला प्रत्येकीने आधी 'सहमत'वर गोल केला होता, तो खोडला होता, आणि मग 'पूर्णतः सहमत'वर गोल केला होता. पहिलीने, दुसरीने, सगळ्यांनी.

"उज्जैन की सारी महिलाओं ने एक साथ अपना विचार बदला?" मॅडमनी विचारलं. रागावून नाही. म्हणूनच जास्त लागलं.

"अब मैम?"

"इसका तो कुछ नहीं हो सकता।" त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "सोचिए। वक़्त कम है।"

नवरा टावर चौकात स्कूटर घेऊन उभा होता. माझा चेहरा बघून त्याने काही न विचारता दोन प्लेट साबुदाण्याची खिचडी सांगितली. अर्धी खाऊन झाल्यावर मी सगळं सांगितलं.

"सोडून दे ना," तो म्हणाला. "किती धावपळ करून राहिलीस. कोणी म्हटलंय का की करच म्हणून?"

टोमणा असता तर मी भांडले असते. पण तो मायेने म्हणत होता, आणि मायेशी भांडता येत नाही. घरी पोचेपर्यंत माझं जवळजवळ ठरलं होतं. मॅडमना कसं कळवायचं, त्याची वाक्यंही मी मनातल्या मनात जुळवत होते.

सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. "काय गं, पास?"

"नापास. सगळ्यांनी सारखंच लिहिलं."

"लिहिणारच. काकूंनी सांगितलं तसं लिहिलं."

मी थैली तशीच हातात धरून खाली बसले. "म्हणजे?"

मग सासूबाईंनी मला तो सगळा कार्यक्रम आवाजांसकट करून दाखवला. बाहेर बसलेल्या कोणालाही इतकं नीट ऐकू आलं नसेल. काकू म्हणाल्या होत्या, 'कोणी घाई करू नका, मी एकेक प्रश्न वाचते.' वाचून झालं की त्याच उत्तरही सांगत. वर्ग शांतपणे गोल करत होता. मग आला चौदावा प्रश्न.

"काय होता गं तो?"

"घरातले महत्त्वाचे निर्णय मी कोणालाही न विचारता घेते."

"हां, तोच. काकूंनी वाचला, तर सगळ्या चूप. मग कोपऱ्यातून एक म्हणते, 'काकू, याला काय लिहू हो?'"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

"काकू म्हणाल्या, चार नंबर, सहमत. सगळ्यांनी केलं चार नंबर. मग ती तुझी चष्मेवाली म्हणते, 'चार का म्हणून? आपण काय कुणापेक्षा कमी आहोत?' मग सगळ्यांनी खोडून पाच केलं."

मला हसू फुटलं ते आवरेना. थैली बाजूला ठेवून हसले. आत नवरा कपडे बदलत होता, तो घाबरून बाहेर आला. इतक्या वाईट बातमीवर बायको अशी हसते म्हणजे विषय तिच्यावरच उलटला, असं त्याला वाटलं असणार.

"आणि मग कुठे भरायला बसल्या?" सासूबाई पुढे म्हणाल्या. "बोलतच बसल्या. ती कोपऱ्यातली म्हणाली, 'आमचे हे मला विचारतात, पण ठरवून झाल्यावर विचारतात.' दुसरी म्हणाली, तिने मुलीच्या कॉलेजचं सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांना विचारून पक्कं केलं, आणि घरी असं बोलली की नवऱ्याला वाटलं, त्यालाच सुचलं. काय हसल्या सगळ्या! मग एक रडली पण जरा. पेन कोणाच्या हातात नव्हतं."

"मला कसं नाही कळलं?"

"तू आलीस ना उसळ घेऊन. म्हणालीस, 'गप्पा नंतर हं, आधी भरा बघू.' मग भरलं बिचाऱ्यांनी."

आता मात्र माझं हसू थांबलं. ज्यासाठी मी इतके महिने दारोदार पोहे खाल्ले, ते माझ्याच हॉलमध्ये घडत होतं, आणि मी मध्ये जाऊन ते बंद केलं होतं. वर वाट्या कमी पडताहेत का, तेही मोजून आले होते.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. जुळवलेली वाक्यं राहिली बाजूला, सासूबाईंचं सगळं सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं,

"आप उस समय कहाँ थीं?"

"किचन में, मैम।"

"मतलब डेटा हॉल में था और आप किचन में।" मग मला त्यांचं हसू ऐकू आलं. "अगली बार नाश्ता बाहर से मँगवाइए।"

प्रश्नावली बाद करून बायकांचे छोटे छोटे गट बसवायचे, त्यांना आपापसात बोलू द्यायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि बायका एकमेकींना विचारत विचारत ठरवतात कशा, ते बघायचं, अशी नवी आखणी झाली. पण पद्धत बदलायची तर समितीची परवानगी हवी, आणि मुदतही तीच समिती ठरवणार.

समितीच्या दिवशी ऊन रणरणत होतं. टेबलापलीकडे तिघं, अलीकडे मी आणि शेजारी मॅडम. त्यातले सर्वांत ज्येष्ठ सर माझे कागद शांतपणे वाचत होते. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "विधि बदलने का यह निर्णय आपका अपना है?"

मी मान वळवून मॅडमकडे बघितलं.

बघितलं आणि कळलं. पण तोवर सगळ्यांनाच कळलं होतं. सर हसले, मॅडमनी कपाळाला हात लावला. आता झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"सर, सच बताऊँ? बात सास से पता चली। पति ने कहा छोड़ दो, बेटी ने फ़ोन पर कहा ख़बरदार छोड़ा तो। मैम से तो हर दूसरे दिन पूछा। सबसे पूछा, सर। फिर तय मैंने किया।"

सरांनी पेन खाली ठेवलं. "तो इसी पर शोध कीजिए," ते म्हणाले. "आराम से कीजिए।" आणि त्या 'आराम से'मध्ये मला मुदत वाढवून मिळाली.

पहिला गट गेल्या आठवड्यात आमच्याच हॉलमध्ये बसला. कचोरी आणि जिलबी बाहेरून मागवली होती. हळदीकुंकू नव्हतं, तेव्हा सासूबाईंना आत बसायला काही कारण उरलं नव्हतं. तरी त्या दारापर्यंत येऊन घुटमळल्या, आणि मग काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. मी मोबाइल टीपॉयवर ठेवला, रेकॉर्डर सुरू केला आणि विचारलं, "तुमच्या घरातला एखादा मोठा निर्णय कसा झाला, ते सांगाल का?"

काकूंनी सवयीने वर्गावर नजर फिरवली. "आधी कोणी बोलायचं, ते ठरवू या."

"त्यात काय ठरवायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "मी सांगते. हिला सून म्हणून आणायचं कोणी पक्कं केलं, ते."

ते सासऱ्यांनी पक्कं केलं, असं मी अठ्ठावीस वर्षं समजत आले आहे. मी वाकून, रेकॉर्डर खरंच सुरू आहे ना, ते पुन्हा एकदा बघितलं.