सैल केलेले पट्टे

असल्फ्याच्या चढावर राहणाऱ्या सहदेव घाडीगावकरची चौकशी घाटकोपरच्या कुठल्याही मंडळात करा, उत्तर एकच मिळेल: याच्या गाडीतून आणलेल्या गणपतीला कधी चीर गेली नाही. माणूस पन्नाशी ओलांडलेला, मूळचा सावंतवाडीकडचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा सहदेवने शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून लागला. पुढे स्वतःचा पिकअप घेतला. तोही आखूड हौद्याचा, कारण त्याच्या गल्लीत लांब गाडी वळत नाही.

मूर्ती बांधण्याची त्याची रीत ठरलेली होती. खाली गाद्या, बाजूंनी पेंढा, वरून सुती दोरी, आणि दोरी कधीही करकचून नाही. वाटेत गाडी थांबली की तो उतरायचा, दोरीखाली बोट सरकवून बघायचा. बोट गेलं नाही तर दोरी सैल करायची. आवळलेली वस्तू तडकते, हे त्याचं शास्त्र. त्याबद्दल त्याला कोणी काही सांगू लागलं तर तो ऐकून घ्यायचा आणि आपल्याच मनासारखं करायचा. बायको दर्शना म्हणायची, “तुमका सगळा येता. तुमी कोणाक कित्याक इचारशात?” त्यातला टोमणा त्याला कळायचा, पण लागायचा नाही.

गणपती गेले की गाडीला काम कमी. अशाच दिवसांत मुलुंडची जान्हवी वर्तक त्याच्याकडे आली. नोकरी पवईला, आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर डर्ट बाईक पळवायचा नाद. या बाईकला ना नंबरप्लेट ना दिवे. रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ट्रॅकपर्यंत गाडीत घालून न्यावी लागते. सहदेवच्या हौद्यात ती सरळ मावेना. तिरकी चढवली, हौद्याचा मागचा फाळका उघडाच ठेवून मागचं चाक त्यावर टेकवलं आणि फाळक्याला लाल फडकं बांधलं. पट्टे जान्हवी स्वतः बांधायची. हँडलच्या दोन्ही बाजूंनी पट्टे खाली ओढायचे, पुढचे शॉकअप, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगा, निम्म्या दबेपर्यंत. दोन खेपा झाल्या. दोन्ही वेळी ती केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसून गेली.

तिसरी खेप शर्यतीची होती. दहिसरच्या पुढे एका बंद खाणीत ट्रॅक तयार केला होता आणि जान्हवी पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणार होती. नाव नोंदवायला लवकर पोचायचं म्हणून ती मित्राच्या, केयूरच्या मोटारीतून पुढे गेली. निघण्यापूर्वी सोसायटीच्या आवारात तिने नेहमीसारखे पट्टे ओढले, बाईक हलवून पाहिली आणि सहदेवला सांगितलं की आता कुठे हात लावायची गरज नाही, सरळ या.

सहदेव सरळ गेला नाही. पवईला चहासाठी थांबला. चहा संपवून सवयीने मागे गेला आणि पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही. दबलेले शॉकअप त्याला बघवेनात. एवढी महागाची वस्तू, आणि पोरीने तिचा गळा आवळल्यासारखी बांधलीय, असं त्याला वाटलं. दोन्ही पट्टे त्याने बोटभर सैल केले. शॉकअप वर आले. त्याला बरं वाटलं.

गोरेगावला उड्डाणपूल उतरताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं. बाईक दबली, पट्टे ढिले पडले, एकाचा हूक कडीतून निसटला आणि मागे धाडकन आवाज झाला. सहदेवने गाडी कडेला घेतली. बाईक हौद्याच्या बाजूवर आडवी पडली होती. पुढच्या ब्रेकचा लिव्हर बाहेरच्या बाजूला वाकला होता.

मूर्तीला स्प्रिंग नसते. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती तिथे, कडेला उभं असताना.

एका रिक्षावाल्याच्या मदतीने त्याने बाईक उभी केली. लिव्हर हातानेच दाबून जागेवर आणला. खरचटलेल्या जागेवर थुंकी लावून फडक्याने पुसलं. मग पट्टे आवळले, जान्हवीने आवळले होते तितके. पोचल्या पोचल्या सांगून टाकू, असं वाटेत त्याने निदान चारदा ठरवलं.

पण पोचल्यावर जान्हवी धावत आली, बाईक उतरवायची फळी लावायला हात दिला आणि म्हणाली, “काका, झकास आणलीत.” आजूबाजूला तिच्या ओळखीची माणसं होती. त्यांनाही ती सांगत होती, काकांच्या गाडीतून आजवर गणपतीसुद्धा न तडकता आलेत. सहदेव हसला. सांगायची वेळ तिथेच निघून गेली.

शर्यतीआधी प्रत्येक बाईकची तपासणी होते. तपासणारा प्रीतम नावाचा जुना स्वार होता, बोलायला फटकळ. त्याने ब्रेक दाबला आणि लिव्हर मुळाशी कट्कन तुटून त्याच्या हातात आला.

“पाडलीस ना कुठेतरी?” तो म्हणाला.

“नाही. घरून नीट निघाली होती,” जान्हवी म्हणाली.

“मग गाडीत पडली असेल. हे बघ खरचटलेलं. पट्टे कोणी बांधले?”

“मीच.”

“बाळ, पट्टे आवळता येत नाहीत आणि शर्यतीला आलीस?”

रांगेतली दोन-तीन मुलं हसली. सहदेव हाताच्या अंतरावर उभा होता. त्याची कानशिलं तापली. पुसायचं फडकं त्याने खिशात आणखी खाली कोंबलं.

प्रीतम माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या कोणाकडून तसला लिव्हर घेऊन बसव, तुझ्या गटाला अजून वेळ आहे, असंही त्याने सांगितलं. केयूरने लिव्हर मिळवून आणला. पण जान्हवी तो हातात घेऊन बाईकशेजारी बसून राहिली. चाकाचे नट तिने पाना लावून पाहिले, पुन्हा पाहिले. मग हँडलचे. केयूर म्हणाला, अगं, सगळं घट्ट आहे, आटप.

“पट्टेपण घट्टच वाटले होते ना मला,” ती म्हणाली. “मी आवळलेलं काहीच खरं नाही बघ. वर उडीवर असताना चाक निघालं तर? राहू दे यार. नाव मागे घेते.”

ती उठली आणि नाव देतात त्या टेबलाकडे निघाली.

सहदेवला वाटलं होतं, फार तर तुटक्या लिव्हरचा प्रश्न आहे, तो सुटला की आपणही सुटलो. ही पोरगी स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. तो तिच्यामागे गेला. टेबलाजवळ प्रीतम होता, मघाशी हसलेली मुलंही होती. बाजूला घेऊन सांगावं असं त्याला फार वाटलं. पण ती कागद पुढे ओढत होती.

“ताई, पट्टे मी सैल केले,” तो म्हणाला. “पवईला. तुम्ही बांधलेले घट्टच होते. बोट जात नव्हतं.”

जान्हवी वळली. “का पण?”

“आम्ही मूर्तीला तसंच करतो.”

यावर कोणीतरी फिसकन हसलं. प्रीतमने मान खाली घालून कागद चाळायला घेतले. जान्हवी हसली नाही, रागावलीही नाही.

“पडली हे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“होय.”

“यांनी ब्रेक दाबून बघितला नसता, तर मी तशीच गेले असते, काका.”

सैल करणं अडाणीपणात मोडलं असतं. पुसून ठेवणं कशात मोडतं, हे सहदेवला त्या वाक्यापर्यंत स्वतःशीही म्हणावं लागलं नव्हतं.

तिने लिव्हर बसवला आणि शर्यतीला गेली. शेवटून तिसरी आली. सहदेव ट्रॅकच्या कडेला बांधलेल्या दोरीमागे उभा राहून बघत होता. प्रत्येक उडीला त्याची बोटं दोरीवर वळत होती. केयूरने ती परतल्यावर टाळी दिली. सहदेव जागचा हलला नाही.

परतताना बाईक चढवली तेव्हा त्याने फक्त फळी धरली. पट्टे तिने ओढले. केयूरची मोटार उभी होती, तरी ती म्हणाली की आपण पिकअपमधून येतो. क्षणभर सहदेवला वाटलं, माफ केलं. ती केबिनमध्ये बसली, काच खाली केली आणि बाहेरचा आरसा आपल्याकडे वळवून घेतला, हौदा दिसेल असा. बोरिवली गेलं, गोरेगाव गेलं, तिची नजर आरशातच. पवईला ती चहाची टपरी आली. सहदेवने गाडीचा वेग कमी केला नाही. आरसा सरळ करून द्या असं म्हणायची त्याची छाती झाली नाही.