गुप्त राहील

त्या मॅडमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सोलापुरात आमच्या चादरींच्या कारखान्यात त्या कामगारांच्या मनाच्या दुखण्यांवर संशोधन करायला आल्या होत्या. मी सातवीतच शाळा सोडून चंद्रपूरहून आलेलो. छातीत धडधडतं हे कळलं, तर मालक वेडा ठरवून घरी पाठवेल, ही माझी धास्ती.

मागांच्या खडखडाटात मॅडम एका कानावर हात ठेवून ओरडल्या, "तुम्ही सांगाल ते गुप्त राहील."

अख्ख्या शेडनं ऐकलं.

"मला उत्तरं येत नाहीत," त्यांच्या हातातला प्रश्नांचा कागद बघून मी म्हणालो.

त्यांनी छापील प्रश्नांवर काट मारली. "हे परदेशातले प्रश्न आहेत. तुमच्या शब्दांत सांगा, जिवाला काय होतं?"

मलाही ओरडावंच लागलं, "जीव धडधडतो."

शेजारच्या मागावरचे मामा म्हणाले, "माझा बी धडधडतोय की."

पलीकडून आवाज आला, "मॅडम, माझंबी लिवा."

आता मला घरी पाठवायचं, तर मालकाला स्वतःच माग चालवावे लागले असते.