आबांनी परत आणलेलं पाखरू

उजवा हात डाव्या बगलेत दाबून उभं राहायची आबांना सवय होती. कुणी विचारलं की म्हणत, "ह्यो हात लय वंगाळ हाय. मोकळा सोडाया नगं." असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी आपला त्यांची थट्टा करीत असे.

त्या काळी मी लोणावळ्यात मास्तरकी करीत होतो. शेजारचा बंगला एका इंग्रज साहेबाचा, आणि आबा तिथले माळी. साहेब मुंबईला असे, सुट्टीत येई. त्याला फुलपाखरं जमवायचा भारी नाद. तरुणपणी आबाच त्याला ती धरून देत, तीही जाळीशिवाय, नुसत्या दोन बोटांच्या चिमटीत.

गावाजवळच्या भुशीच्या उतारावर कारवीच्या रानात एका जातीचं फुलपाखरू असे. पंख मिटले की वाळकं पान, उघडले की निळंशार. साहेबाला ते पेटी पेटी भरून हवं असायचं. त्यातच कुडाच्या भिंतींसाठी लोकांनी कारवी साफ तोडली. कारवी पुन्हा फुटली, पण पाखरू काही दिसेना.

"म्याच संपिवलं, मास्तर," आबा एकदा म्हणाले. "आता म्याच आननार."

मी हसलो. हसण्यासारखंच होतं हो! वडिवळ्याला त्यांची सासुरवाडी. तिथून पुढच्या रानात ते पाखरू अजून होतं. पावसाळ्यात आबा तिथल्या कारवीवरचे सुरवंट फांद्यांसकट टोपलीत भरून कामशेतला गाडीत बसत. एकदा कुणीतरी विचारलं, टोपलीत काय? आबांनी फडकं उचलून दाखवलं. खाजेच्या धास्तीनं सगळा बाक रिकामा झाला.

"पाय पसरून आलो की लोनावळ्यापत्तुर!" आबा सांगत.

पहिल्या वर्षी भुशीच्या कारवीवर सोडलेले सुरवंट मुंग्यांनी खाल्ले. दुसऱ्या वर्षी पावसानं धुऊन नेले. तरी तिसऱ्या वर्षी आबा पुन्हा टोपली घेऊन गेलेच.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, सकाळीच, त्यांनी मला मनगट धरून उतारावर नेलं. हे पाखरू फुलांवर जात नाही, त्याला सडकं फळ लागतं. आबांनी दगडावर काळी पडलेली केळी ठेवली होती. त्यावर दोन वाळकी पानं बसली होती. त्यातलं एक उघडलं, आणि आतला निळाशार रंग लखकन दिसला. आबा हात बगलेत गच्च दाबून रडत होते.

"जोडा हाय. आता वंस वाढंल. सायबाला कळू देऊ नगा."

साहेब आदल्याच दिवशी आला होता. तो फिरायला याच वाटेनं येईल हे आमच्या ध्यानातच आलं नाही. काठीचा आवाज आला आणि तो समोर उभा राहिला. त्यानं पाखरं पाहिली, ओळखली, आणि तळवा पुढं केला.

"माळी, जोडी मांगता."

मला वाटलं, आबा आता पाखरांना उडवून लावतील. नुसतं खोकलं तरी भागलं असतं. मीही खोकलो नाही, हेही सांगून टाकतो. आबांचा हात बगलेतून बाहेर आला. एक चिमूट, मग दुसरी. इतकं सफाईदार काम मी जन्मात पाहिलं नाही. दोन्ही पाखरं साहेबाच्या तळव्यावर मरून पडली.

आबा माझ्याकडे वळले. "सायबानं हात फुडं क्येला, आन् ह्यो आपला आपन ग्येला, मास्तर."

पाखरांसोबत पेटीत लावायची चिठ्ठी लिहायला साहेबानं खिशातला कागद काढला. चष्मा बंगल्यावर राहिला होता, म्हणून माझं पेन पाहून त्यानं मलाच लिहायला सांगितलं. जागा, तारीख, आणि धरणाऱ्याचं नाव. नाव त्यानं स्वतःचं सांगितलं. मी तेच लिहिलं.

"काय ल्हिलं?" आबांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

मला साहेबाचा राग आला होता. निदान आबांच्या मनाला तरी बरं वाटावं म्हणून मी खोटंच बोललो. "तुम्ही धरली, असं लिहिलंय. तुमचं नाव घातलंय, आबा."

साठीचा तो माणूस वाकून माझे पाय धरायला लागला. "खोडा, मास्तर. माजं नाव खोडा!"

टोपण न काढताच मी कागदावरून पेन फिरवलं. "खोडलं, आबा."

दुसऱ्या दिवशी आबा कामावर आले नाहीत. बायकोला घेऊन वडिवळ्याला गेले, ते कायमचेच. तिथं जाऊन एकदा सांगायला हवं होतं, की त्या कागदावर तुमचं नाव नव्हतंच. जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि एक दिवस ते गेल्याची बातमीच आली.