शेकोटीपुढं घेतलेलं नाव

भूगावच्या वाचनालयात हिवाळ्यात मुलांचं वाचन असतं. नातीला घेऊन गेले. कपाट उघडलं तसा डांबरगोळ्यांचा वास आला आणि आमच्या गावचं वाचनालय आठवलं.

तिथं थंडीत दारापुढं शेकोटी पेटवून बायका आळीपाळीनं गोष्ट वाचायच्या. मी नवी सून, चौथी शिकलेली. पहिल्यांदाच माझा नंबर आला. चार ओळी वाचल्या आणि अडले. गोष्टीतल्या माणसाचं नाव दत्तू, माझ्या नवऱ्याचंही तेच. नवऱ्याचं नाव तेव्हा आम्ही तोंडातून काढत नव्हतो. आणि समोर सासू बसलेली.

"चौथी शिकली म्हणं! हिला कुटं वाचता येतंय?" शेजारीण हसली आणि तिनं पुस्तकाला हात घातला.

आता दिलं, तर पुन्हा कुणी माझ्या हातात देणार नव्हतं. मी पुस्तक घट्ट धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "दत्तू दार ढकलून आत आला."

सगळ्यांच्या माना सासूकडं वळल्या. सासू माझ्याकडं बघत राहिली.

"आला. मग?" ती म्हणाली. "फुडं वाच की गं."

तिनं मला माफ केलं, असं मी कैक वर्षं धरून चालले. आज नात पान उलटताना थांबली, तर मीच खेकसले, "फुडं वाच!" तेव्हा कळलं, त्या म्हातारीला तेव्हा नुसती गोष्ट ऐकायची होती.