नकाशावर नसलेला सखाराम

सखाराम गेला तो मंगळवार होता. दुपारी हल्ला झाला. संध्याकाळी टेकडी आमच्याकडे होती, सखाराम नव्हता.

साल १९४४, ब्रह्मदेशाची सरहद्द. मी सांगलीचा, मॅट्रिक झालेला, म्हणून कंपनीत वायरलेस सांभाळणारा सिग्नलर. सखाराम दुष्काळी माणचा मेंढपाळ. लान्स नाईक, ब्रेनगन या मशीनगनवर. आमच्या नकाशात तिथल्या टेकड्यांना नावं नव्हती, फक्त उंचीचे आकडे होते. शत्रू ऐकतो म्हणून वायरलेसवर आकडे बोलायला मनाई होती. ज्या कंपनीची टेकडी, तिने नाव द्यायचं. शेजारच्यांनी आपापल्या साहेबांची नावं दिली होती.

आमच्या टेकडीवर पहिला पोचला सखाराम. सुभेदारांनी विचारलं, "काय नाव ठेवायचं रं?"

"आमच्याकडं ज्याची मेंढरं पयली बसली, त्याच्या नावाचा माळ."

"मग तुझंच ठेवू की."

"पर मेंढरं कुठं हायती?"

"ही काय, बसलीत समदी," सुभेदार आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मी वायरलेस सेटवर 'सखाराम' हे नाव कळवलं. कंपनीच्या मेजरसाहेबांनी ते नकाशावर पेन्सिलीने लिहिलं.

मग रोजचं सुरू झालं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे बंदुका घेऊन सज्ज बसणं, मग चहा, मग खंदक खणणं. कोणी म्हणे, "सख्या, तुझ्या डोंगरावर जळवा लय रं." तो म्हणे, "फुकट ऱ्हातूस, वर तक्रार करतूस व्हय?"

त्या मंगळवारी आधी मॉर्टरचे गोळे आले. मग डावीकडचा खंदक शत्रूच्या हाती पडला. मी सेटवर बोललो, "सखारामवर डावीकडून हल्ला. मदत पाठवा. ओव्हर." सुभेदारांनी जखमींना खाली न्यायला सांगितलं.

"तुमी न्या गड्यांनो, मी हाय," सखाराम म्हणाला.

शेवटचा जखमी ओढ्याशी पोचेपर्यंत त्याची गन ऐकू येत होती. मग थांबली. तेवढ्यात मदतीची कंपनी वर चढली आणि टेकडी वाचली.

शत्रूला धूर दिसला असता, म्हणून अग्नी देता आला नाही. आम्ही त्याला तिथेच पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सेटवर टेकडीचं नाव घेतलं, की माणसं खाली बघत. मेजरसाहेबांनी विचारलं, नाव बदलायचं का?

"नको सायेब," सुभेदार म्हणाले. "आता तर न्हाईच."

लढाई संपल्यावर मी माणला गेलो. त्याच्या वडिलांना, तात्यांना, सरकारकडून 'ब्रह्मदेश' एवढंच कळलं होतं. पोरगा नेमका कुठं पडला, हे त्यांना हवं होतं. मी सगळं सांगितलं. मेंढरांकडे बघत त्यांनी विचारलं,

"गवत हाय का तितं?"

"कमरेएवढं आहे, तात्या."

"आन् पानी?"

"खाली ओढा आहे. बारा महिने वाहतो."

"बरं हाय मग," ते म्हणाले. "हितं आमाला कवा गावलं न्हाई तसं."

युद्धानंतर छापलेला नकाशा मी पुढे एकदा पाहिला. त्या टेकडीवर आकडाच आहे. तात्या गेले, सुभेदार गेले. तिला सखाराम म्हणणारा आता मी एकटा आहे.