यमुनाबाईंची नाडी

पहिल्याच दिवशी यमुनाबाईंनी माझा शाळेचा दाखला बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हात दाखव गं." मला वाटलं, भविष्य बघतायत. त्यांनी नखं पाहिली, बोटं दाबली. "गार हायत. आजाऱ्याला लावायच्या आधी चोळून ऊन करायचे."

कर्जतच्या त्या लहानशा दवाखान्यात त्या मोठ्या नर्स, आणि आम्हा चार शिकाऊ मुलींच्या मास्तरीणही. मूळच्या साजगावच्या शेतकरी घरातल्या. बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं, तरी डॉक्टर त्यांच्यापुढे आवाज खाली घ्यायचे. चादरीला सुरकुती दिसली की ती घालणारीलाच त्या खाटेवर तासभर झोपवायच्या. मी दोनदा झोपले.

मी कुंभिवलीची. वडिलांनी बजावलं होतं, नापास झालीस तर परत आणून लग्न लावून देईन. आणि मला तर घड्याळच वाचता येत नव्हतं. आमच्याकडे वेळ उन्हावर कळायची. मग मी रोग्याचं मनगट धरून गंभीर चेहरा करायची आणि तक्त्यावर कालचाच आकडा उतरवायची.

चौथ्या दिवशी बाई तक्ता घेऊन आल्या. "म्हातारी आज तापानं फणफणलीय, आणि नाडी कालचीच?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. आता बोचकं बांधायचं, हे मी धरूनच चालले होते. बाईंनी कमरेचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "येत नाय ते शिकवता येतं. नाडी खोटं बोलत नाय, मग आपण का बोलायचं?"

रोज दुपारी मागच्या ओट्यावर मी त्यांचीच नाडी मोजू लागले. मधेच एखादा ठोका हरवायचा. माझंच चुकतंय असं वाटून मी तो भरून सांगायची. बाई नुसतं "हं" म्हणायच्या.

परीक्षेला डॉक्टर समोर उभे होते, आणि बाईंनी स्वतःचंच मनगट पुढे केलं. ठोका पुन्हा हरवला. भरून सांगितला तर पास, असं मन सांगत होतं.

"एकाहत्तर," मी म्हटलं. "पण मधे मधे ठोका गळतो, बाई."

डॉक्टरांनी घाईने त्यांचा दुसरा हात धरला. बाई हसल्या. "मला ठाव हाय, डॉक्टर. पोरगी पास झाली, हिच्या बापाला कळवा."

पुढे चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली सुखात काम केलं आणि रोज सकाळी त्यांची नाडी पाहिली. शेवटच्या सकाळी त्या खाटेवर होत्या. चादर मी स्वतः घातली होती. हात चोळून ऊन केले आणि मनगट धरलं.

"किती गं?"

मी खरा आकडा सांगितला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या, आणि मनगट माझ्या हातातच राहू दिलं.