परब बाईंची फाईल मी मागून वाचली

परब बाई गेल्या. आणि त्यांच्याच फाईलमध्ये चूक निघाली.

हसलात तरी चालेल. त्या स्वतः हसल्या असत्या, पण आधी डॉक्टरांना खाली बोलावून.

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात त्या पेशंटचे रेकॉर्ड्स तपासायच्या. शेजारचं टेबल माझं, थकलेल्या बिलांचं.

त्यांचे नियम दोनच. फाईल मागून, म्हणजे शेवटच्या सिस्टरच्या पानांपासून वाचायची. आणि ज्याची चूक, त्यानेच जिने उतरून सही करायला यायचं.

"डॉक्टर घाईत लिहितात गं. सिस्टर तासातासाला लिहितात. आधी सिस्टरचं वाच."

मी नवीन होते तेव्हा जोगेश्वरीच्या एका ताईंचं बिल अडकलं. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं आणि इन्शुरन्सने क्लेम नाकारला. का, तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं, बीपीचा त्रास दहा वर्षांपासून. म्हणे पॉलिसी घेताना लपवलात.

ताई रडल्या नाहीत, राहती खोली विकून बिल भरायला निघाल्या. एवढंच म्हणाल्या, "आमी रूम इकतंव."

बाईंचं मालवणी खाडकन जागं झालं. "खुळी काय गो तू? आधी माका फाईल वाचूंदे."

मागून वाचली. आठ दिवसांच्या औषधांत बीपीची एक गोळी नाही. सिस्टरने रोज लिहिलेलं बीपी एकदम नॉर्मल.

"दहा वर्षांचा बीपीवाला गोळीशिवाय आठ दिवस झकास राहिला? चल, बोलाव सरांना!"

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची माहिती ह्यांच्या पानावर उतरली होती.

सर तीन जिने उतरून आले. चिडलेले. बाईंनी फक्त पेन पुढे केलं.

दुरुस्तीचं पत्र गेलं आणि क्लेम पास झाला. अख्खा! रूम वाचली. मी टेबलावर हात आपटून ओरडले, "बाई, जिंकलो!"

"घसा नको फोडू. पुढची फाईल घे."

पण गालातल्या गालात हसत होत्या. मी पाहिलंय.

गेल्या आठवड्यात त्या आमच्याकडेच ॲडमिट झाल्या. आज फाईल माझ्या टेबलावर आली. डोळे पुसत, मागून वाचली. सगळं चोख. पहिल्या पानावर मात्र वय तीन वर्षांनी जास्त.

वर फोन लावला. "सर, सहीला खाली यावं लागेल."

"उद्या बघू ना यार."

"आजच. परब बाईंची फाईल आहे."



लिफ्ट चालू होती. सर जिन्याने आले.

तुमची फाईल क्लिअर आहे, बाई. निवांत जा.
तुमच्या शेजारच्या टेबलाकडून मनापासून श्रद्धांजली.